पैसे कोण देणार, ताई?

मागच्या अंकात बायकांना सिनेमा करायला पैसे देणाऱ्या केरळ सरकारच्या योजनेवर चार ओळी काय लिहिल्या, मेलचा नुसता पाऊस पडला. निम्मे मेल "आम्हालाही हवेत" असे आणि उरलेले "यांना कशाला हवेत" असे. सगळे छापणं शक्य नाही, सहा घेतलेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीयेत. आणि एक आधीच सांगून ठेवते, फंडांच्या तारखा, रकमा, नियम दरवर्षी इकडचे तिकडे होतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्यांची वेबसाइट स्वतः उघडून बघा, माझ्या कॉलमचं कात्रण घेऊन कुणाशी भांडायला जाऊ नका.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातली, वय २४. आईवडील ऊसतोडीला जातात, मीपण दहावीपर्यंत दरवर्षी त्यांच्यासोबत कारखान्यावर जायचे. दोन सीझन मोबाइलवर आईचं शूटिंग केलंय, चाळीसेक तासांचं फुटेज आहे, थोडं सोबत पाठवतेय. डॉक्युमेंटरी करायचीय. इंग्लिश लिहिता येत नाही, फिल्म स्कूल केलेलं नाही, ओळखीचं कुणी नाही. अर्ज करायच्या लायकीची आहे का मी?

लायकी हा शब्द आधी खोड.

मी अधूनमधून अशा अर्जांच्या पॅनेलवर बसते. तिथे मुंबई-दिल्लीची हुशार पोरंपोरी 'ॲक्सेस' नावाच्या रकान्यात दोन दोन पानं लिहितात, की आमचं मुकादमाशी बोलणं झालंय, टोळीसोबत आठ दिवस कोप्यांमधे, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांमधे, राहायची परवानगी मिळालीय, बायका हळूहळू मोकळ्या होतायत वगैरे. तू त्या कोपीतच वाढलीस. फंड देणारे हल्ली सगळीकडे विचारतात की ही गोष्ट सांगणारी तूच का, आणि त्या प्रश्नाला बाकीच्यांना दोन पानं लागतात, तुझं एका ओळीत भागतं.

तू पाठवलेली क्लिप मी तीनदा बघितली. अजून उजाडलेलं नाही, चुलीचा उजेड, आई भाकरी थापतेय, बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजतो, ती हात न थांबवता "आले, आले" म्हणते आणि त्यानंतर अजून चार भाकरी करते. हॉर्न वाजतच राहतो. तू कट केलं नाहीस आणि कॅमेरा दाराकडे वळवलाही नाहीस, तुला ते कळलं, हे कुणी शिकवत नाही. फक्त खाली ती बासरी टाकलीयस ना, ती काढ. हॉर्न पुरेसा आहे.

आता अर्ज. पहिल्या पानावर 'ऊसतोड कामगारांच्या समस्या' असं अजिबात लिहू नकोस. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, त्यामुळे विषय पॅनेलला माहीत असतो, आई माहीत नसते. आईपासून सुरू कर, त्या चार भाकऱ्यांपासूनच कर. अशा सिनेमाची आपल्याकडे जुनी वाट आहे बरं का. युगांतर नावाच्या गटाने १९८१ मधे पुण्यातल्या मोलकरणींवर आणि १९८२ मधे निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर फिल्म केल्या, दोन्ही मराठीत, त्या बायकांच्या संघटनांसोबत बसून. मिळाल्या तर बघ, आणि अर्जात लिही की त्यात आणि तुझ्यात फरक काय, कारण त्या फिल्म करणाऱ्या बाहेरून आल्या होत्या आणि तू आतून बोलतेयस.

भाषेचं म्हणशील तर बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, सगळे आयएफए म्हणतात, १९९३ ची संस्था आहे, ती कुठल्याही भारतीय भाषेतला अर्ज घेते. मराठीत लिही, बोलतेस तसंच लिही. त्यांना नुसती डॉक्युमेंटरी नको असते, कलाकार म्हणून तू नवीन काय करून बघतेयस ते हवं असतं, तेव्हा दोन सीझन एकाच बाईचं, एकाच मोबाइलवर, तिच्या मुलीने केलेलं शूटिंग याबद्दल सविस्तर लिही. बाहेरच्या फंडांना इंग्लिश लागतंच, पण तिथेही आधी मराठीत लिहून मग कुणाकडून तरी भाषांतर करून घे, आणि त्या माणसाची फी बजेटमधे टाक. थेट मोडक्या इंग्लिशमधे लिहिलं की माणूस कमी बोलतो, मी हे स्वतःवरून सांगतेय.

दोन गोष्टी अर्जाबाहेरच्या. एक, पुढच्या सीझनची उचल, म्हणजे मुकादमाने दिलेले आगाऊ पैसे, घरात आली असेल तर मुकादमाला ही फिल्म आवडली नाही तर काय होईल याचा विचार आई-वडिलांसोबत बसून आत्ताच कर. आईची संमती कागदावर घे, वाचून दाखवून घे, आणि तिला नको असलेला सीन काढायचा हक्क तिला दे. फंडवाले हे विचारतात पण ते विचारतात म्हणून नाही, तुला त्याच घरात राहायचंय म्हणून. दोन, ते चाळीस तास आज संध्याकाळपर्यंत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर टाक आणि एक डिस्क मैत्रिणीच्या घरी ठेव. माझं एक अख्खं उन्हाळ्याचं शूटिंग एका डिस्कसोबत गेलंय, अजून जीव हळहळतो.

प्रश्न : मॅडम, तुमचा कॉलम आवडीने वाचतो पण मागच्या वेळी पटलं नाही. सिनेमा ही कला आहे, तिथे बायकांसाठी, एससी-एसटींसाठी वेगळा कोटा कशाला? अडूर गोपालकृष्णन यांच्यासारख्या दिग्गज मल्याळम दिग्दर्शकानेही तेच म्हटलंय. पैसा मेरिटवर द्यावा. (पुरुष वाचक, ठाणे)

ज्यांनी मागचा अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. केरळची फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन २०१९ पासून बायकांच्या आणि नंतर एससी-एसटी दिग्दर्शकांच्या निवडक पटकथांना दीड कोटीपर्यंत पैसे देते. ऑगस्ट २०२५ मधे तिरुवनंतपुरमच्या सरकारी सिनेमा परिषदेत अडूर म्हणाले की एकाला दीड कोटी फार झाले, तेच तिघांना पन्नास-पन्नास लाख द्या, आधी तीन महिने ट्रेनिंग द्या, आणि केवळ बाई आहे म्हणून पैसे देऊ नका. सभागृहातच त्याला विरोध झाला, मग आठवडाभर केरळमधे दुसरा विषय नव्हता.

मी अडूरांच्या सिनेमांवर वाढलेय, त्यामुळे जपून बोलते. पण त्यांचा स्वतःचा रस्ता बघा ना. शिकले आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधे, म्हणजे सरकारी संस्थेत. पहिला सिनेमा 'स्वयंवरम', १९७२, त्याला दीड लाखाचं कर्ज दिलं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने, म्हणजे पुन्हा सरकारने, आणि तेही आधी नाही म्हणून मग हो म्हणत. पहिला सिनेमा करणाऱ्या तरुणाला सरकारने पैसे दिले म्हणून आपल्याला अडूर मिळाले, हे किती छान झालं! मग तोच व्यवहार पन्नास वर्षांनी एखाद्या बाईसोबत झाला की त्याला कोटा का म्हणायचं? आणि या योजनेतही पैसे वाटत सुटलेले नाहीत हो, पटकथा मागवतात, वाचतात, त्यातून निवडतात, म्हणजे तुम्हाला हवं ते मेरिट आतमधे आहेच.

ट्रेनिंगचा मुद्दा मला अर्धा पटतो. पहिल्यांदा सिनेमा करणाऱ्या कुणालाही, बाई असो बाप्या असो, बजेट आणि शेड्युल शिकवायला हवंच. पण ते फक्त बायका आणि दलित दिग्दर्शकांसाठीच का आठवतं, एखाद्या निर्मात्याच्या मुलाला कुणी तीन महिने वर्गात बसवल्याचं मी ऐकलेलं नाही. दिग्दर्शिका होण्याआधी सुमित्रा भावे पुण्यात समाजकार्य शिकवत होत्या, सिनेमाचं कसलंही शिक्षण नव्हतं, चाळिशी उलटल्यावर १९८५ मधे त्यांनी 'बाई' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

योजनेत खोट नाही असं मी म्हणत नाहीये. निर्माता स्वतः कॉर्पोरेशन असल्यामुळे सिनेमा तयार होऊनही रिलीजसाठी ताटकळावं लागलं असं तिथल्या काही दिग्दर्शिका जाहीरपणे बोलल्यात. पैसा मिळाला तरी कुलपाची चावी दुसऱ्याकडे. यावर भांडूया की, मी येते तुमच्यासोबत. पण या योजनेतून आलेला श्रुती शरण्यम यांचा 'बी ३२ मुथल ४४ वरे' बघा आधी, वेगवेगळ्या थरांतल्या बायका आणि त्यांचं स्वतःच्या शरीराशी असलेलं नातं असा विषय आहे, बाजारातल्या कुठल्या निर्मात्याने त्याला पैसे दिले असते ते मला कळवा.

प्रश्न : मी सांगलीजवळ शाळेत शिक्षिका आहे, वय ५१. माझ्या कथेवर मराठी सिनेमा करायची फार इच्छा आहे. महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला चाळीस लाख देतं असं ऐकलं. ते मिळवून सिनेमा करता येईल का? पीएफमधूनही थोडे काढू शकते.

पीएफला हात लावू नका. हे पहिलं.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण उलट्या क्रमाने. राज्याची मराठी चित्रपट अनुदान योजना गेली कित्येक वर्षं अशी चालते की सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग अर्ज करायचा, समिती बघून दर्जा ठरवते, अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख. दर्जात बसला नाही तर काही नाही. म्हणजे ही सिनेमा करायला दिलेली मदत नाहीये, सिनेमा करून बसलेल्याला मागून दिलेली मदत आहे.

कागदावर ही योजना बाई-पुरुष दोघांनाही खुली. पण आधी ऐंशी-नव्वद लाख, कोटभर कुठून आणायचे? ज्याच्या नावावर प्लॉट आहे, शेत आहे, ज्याचा मित्र बिल्डर आहे, तो आणतो, आणि वर्षभराने अनुदान आलं की व्याजासकट फेडतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं ते तुम्हीच सांगा, तुम्ही वर्गात मुलांच्या आईचं नाव लिहून घेता पण घराच्या कागदावर कुणाचं असतं? म्हणून मला केरळची योजना, तिच्या सगळ्या कुरबुरींसकट, जास्त कामाची वाटते. तिथे पैसा आधी येतो.

आपल्याकडे आधी पैसा देणारी एक सोय होती, अजूनही थोडी आहे, ती म्हणजे एनएफडीसी, केंद्र सरकारचं चित्रपट विकास महामंडळ. विजया मेहतांचा 'पेस्तनजी', भावे-सुकथनकरांचा 'दोघी', यांच्यामागे तोच पैसा होता. आता तिथे रांग मोठी आणि भाषा बावीस, पण पटकथेसाठी त्यांची स्क्रीनरायटर्स लॅब असते, निवड झाली तर गोव्यात नोव्हेंबरमधे इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी जो फिल्म बाजार भरतो तिथे निर्मात्यांसमोर उभं राहायला मिळतं. पन्नाशीत कोण घेणार असं मनात आणू नका.

माझा सल्ला विचाराल तर आधी कथेतला एकच प्रसंग घेऊन पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करा, शाळेच्या सुट्टीत, गावातल्याच माणसांना घेऊन. आसामच्या रीमा दास यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' गावातल्या मुलांना घेऊन स्वतःच कॅमेरा धरून केला, एडिटही स्वतः, आणि २०१८ मधे त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सिनेमाचा मान मिळाला. हे उदाहरण मी जरा नाखुशीनेच देते, कारण लगेच लोक म्हणतात बघा, पैशाशिवाय होतं की. पैशाशिवाय नाही झालेलं, एका बाईने चार माणसांचं काम फुकट केलं म्हणून झालं. पण हातात दाखवायला काहीतरी असलं की दारं उघडतात हेही खरंच.

प्रश्न : परदेशी फंड मिळवायचा तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, त्रास होतो म्हणतात. मैत्रीण म्हणाली एखाद्या एनजीओच्या खात्यात घे आणि मग तुझ्याकडे वळव. असं करू का? (पुणे)

नको. मैत्रिणीला सांग की २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्याला पुढे देणं बंद झालंय, आणि संस्थेलाही तो दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. तो जमाना गेला.

ढोबळ फरक असा समज. परदेशातून अनुदान, देणगी म्हणून आलेला पैसा एफसीआरएच्या कक्षेत येऊ शकतो आणि त्याला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारातला मोबदला, म्हणजे को-प्रॉडक्शनचा करार, हक्कांची विक्री, हे वेगळं. तुझा पैसा कशात बसतो ते कॉन्ट्रॅक्टच्या शब्दांवर ठरतं, म्हणून सही करायच्या *आधी* ही कामं केलेल्या सीएकडे जा. सही केल्यावर गेलीस तर तो फक्त डोक्याला हात लावेल.

आणि हे सगळं करून मिळतं काय ते पण नीट बघ. रॉटरडॅमच्या हबर्ट बाल्स फंडाचं पटकथेसाठीचं अनुदान दहा हजार युरोंचं, ते कथापटांना. ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड डॉक्युमेंटरींना. बर्लिनच्या वर्ल्ड सिनेमा फंडाला जर्मन निर्माता सोबत लागतो, फ्रान्सच्या सीएनसी या सरकारी सिनेमा संस्थेला फ्रेंच. पायल कपाडियांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' मुंबईत आणि रत्नागिरीकडे घडतो, २०२४ मधे कान महोत्सवातून ग्रां प्री पुरस्कार घेऊन आला, पण त्याचे पैसे असेच तुकड्यातुकड्याने, बरेचसे युरोपातून जमले आणि त्यात वर्षं गेली. म्हणजे एक फंड मिळाला की सिनेमा झाला असं नसतं. पहिल्या फंडाचा खरा उपयोग एवढाच की दुसऱ्याला वाटतं, अरे, यांना कुणीतरी दिलेत, मग आपण द्यायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या सत्तरीपुढच्या आज्यांवर डॉक्युमेंटरी करतेय. इथे काही मिळेल का?

तुमचं सोपं आहे, निदान माझ्यापेक्षा. तिथे फिस्कल स्पॉन्सरशिप नावाची सोय असते, म्हणजे तुमची स्वतःची संस्था नसली तरी एखादी नोंदणीकृत ना-नफा संस्था तुमच्या फिल्मसाठी देणग्या स्वीकारते, देणाऱ्याला करसवलत मिळते, आणि संस्था थोडी टक्केवारी ठेवून उरलेले तुम्हाला देते. न्यूयॉर्कची विमेन मेक मूव्हीज हे काम बायकांच्या फिल्मसाठीच करते. शिवाय चिकन अँड एग, २००५ ची संस्था, बायकांच्या डॉक्युमेंटरींना पैसे आणि मार्गदर्शन दोन्ही देते. नाव ऐकून हसू नका, अंडं आधी की कोंबडी आधी, पैसे आधी की फिल्म आधी, त्यावरचाच विनोद आहे तो. मंडळाच्या गणपतीत डबा फिरवण्याआधी तिथे बघा. आणि आज्यांना बसवून मुलाखती घेऊ नका प्लीज, त्यांना काहीतरी करताना शूट करा, पुरण वाटताना माणूस खरं बोलतं.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, मुलगी तीन वर्षांची. साडेचार लाखांचं बजेट केलंय, सोबत जोडलंय, एकदा नजर टाकाल का? आणि शूटिंगच्या दिवसांत मुलीला पाळणाघरात ठेवायचा खर्च त्यात लिहिला तर पॅनेलवाले हसतील का?

बजेट बघितलं. कॅमेऱ्याचं भाडं, साउंडवाला, गाडी, जेवण, एडिट, कलर, मिक्सिंग, सबटायटल्स, सगळं नीट, अगदी चहाचे पैसेही वेगळे. आणि मग शेवटून दुसरी ओळ. 'दिग्दर्शन : ०'.

अगं, का?

साउंडवाल्याला दिवसाचे पैसे, ड्रायव्हरला पैसे, आणि जी दीड वर्ष हे ओढणार तिला शून्य. मी वाचलेल्या अर्जांत पुरुषांनी असं केलेलं क्वचित दिसतं, बायकांचं दर तिसऱ्या-चौथ्या अर्जात दिसतं. आपल्याला वाटतं पॅनेलला कौतुक वाटेल, किती साधी, किती मनापासून करतेय. पॅनेलला काय वाटतं सांगू? वाटतं हिने हिशोबच केला नाहीये, ही सहा महिन्यांनी नोकरी धरणार आणि फिल्म अर्धी राहणार. माझ्या पहिल्या बजेटमधेही शून्यच होतं. समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "मग घरभाडं कोण भरणार?" मी म्हटलं, नवरा. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त कागदावर काहीतरी लिहिलं. तो फंड मिळाला नाही.

तेव्हा शून्य खोडून आकडा लिही. रफ कटपर्यंत, म्हणजे पहिल्या कच्च्या एडिटपर्यंत, किती महिने लागतील ते मोज, तेवढ्या महिन्यांत दुसरीकडे काम केलं असतंस तर काय मिळालं असतं ते लिही, लाजून अर्धं करू नकोस. त्यामुळे एकूण रक्कम फंडाच्या मर्यादेबाहेर गेली तर शूटिंगचे दिवस कमी कर किंवा उरलेले पैसे कुठून आणणार ते लिही, पण स्वतःला कापू नकोस. शेवटी दहा टक्के अडीअडचणीसाठी ठेव, ते तू विसरलीयस.

पाळणाघर लिही. 'इतर' मधे लपवू नकोस, वेगळी ओळ कर, 'शूटिंगच्या काळात मुलीचा सांभाळ, २२ दिवस' असं, दर आणि बेरीज. कुणी हसलं तर मला त्या पॅनेलचं नाव कळव. आणि सासूबाई सांभाळणार असतील तरी लिही, पैसे त्यांना दे.